प्रोसिजर स्टुडिओत पळते, वेबवर अडते? या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी सांभाळतो. वेब ॲप एएसपी डॉट नेटमधलं, मागे डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा. सकाळीच फोन येतो, "सर, बिल निघंना ओ." बिलाची स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला एसक्यूएल कोड, मी मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हरच्या टूलमध्ये चालवतो, तर बिनबोभाट चालते. अशा वेळी प्रोसिजर उसवत बसू नका. कोडमधून तिला कसं बोलावलंय ते आधी बघा.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कमांडटाइपनं, म्हणजे कमांड कुठल्या प्रकारची ते सांगणाऱ्या सेटिंगनं. आपण काही सांगितलं नाही, तर तो 'टेक्स्ट' असतो. प्रोसिजर सुरू होते, पण पॅरामीटर (तिला द्यायच्या व्हॅल्यू) तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. एरर म्हणते पॅरामीटर दिला नाही, आणि आपण स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतो, दिलाय की! कमांडटाइप 'स्टोअर्डप्रोसिजर' करा. तरीही तीच एरर आली, तर व्हॅल्यू नल, म्हणजे रिकामी, आहे का तपासा. सी शार्पचा नल पाठवला की पॅरामीटर न दिल्यासारखाच होतो. तिथे डीबीनल डॉट व्हॅल्यू, म्हणजे डेटाबेसचा नल, लागते. आमच्याकडे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकांचीच बिलं अडायची, ती यामुळे.

मराठी नावाच्या जागी '?????' छापून येतंय? आमचा कॉलम एनव्हारचार (मराठीसकट सगळ्या लिपी साठवणारा टेक्स्टचा प्रकार) होता, कोडमधला पॅरामीटरही. मधे प्रोसिजरचा पॅरामीटर तेवढा साधा व्हारचार राहिला होता. तिन्ही ठिकाणी एनव्हारचार हवा. आधीची नावं मात्र गेली ती गेलीच, पुन्हा टाइप करावी लागतात.

कमांडचा टाइमआउट मुळात 30 सेकंदांचा. स्टुडिओत लगेच येणारा वर्षाचा रिपोर्ट वेबवर तेवढ्यात येत नसेल, तर नुसता आकडा वाढवू नका. स्टुडिओत अरिथअबॉर्ट नावाचा कनेक्शनचा एक पर्याय ऑन असतो, डॉट नेटकडून ऑफ. म्हणून दोघांचे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची ते सर्व्हरनं ठरवलेले मार्ग) वेगळे साठतात. वेबचा प्लॅन कुणीतरी एका दिवसाच्या तारखा टाकल्या तेव्हा बनलेला असू शकतो, मग तो वर्षाच्या रिपोर्टला पुरत नाही. स्टुडिओत अरिथअबॉर्ट ऑफ करून चालवा, बहुतेक वेळा तिथेही रिपोर्ट रखडतो. मग त्या क्वेरीला ऑप्शन रीकम्पाइल लावून बघा, म्हणजे दर वेळी नवा प्लॅन बनेल.

डेटाबेसचं कनेक्शन सी शार्पच्या 'यूझिंग' ब्लॉकमध्येच उघडा, म्हणजे काम झालं की ते आपोआप बंद होतं. पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात, म्हणजे पूलमध्ये, मुळात जास्तीत जास्त 100च असतात.

आणि प्रोसिजरमध्ये सेट नोकाउंट ऑन (किती ओळी बदलल्या ते कळवू नको) असेल, तर कोडमधून ती चालवणारं एक्झिक्यूटनॉनक्वेरी ओळींच्या आकड्याऐवजी -1 देतं. ते अपयश नव्हे. मी त्यावर 'बिल सेव्ह झालं नाही' असा मेसेज लावला होता. कारकुनानं तेच बिल तीनदा टाकलं.