टेक्सासच्या ग्रामीण काउंटीत गुन्ह्यांची नोंद शोधायची असेल तर

टेक्सासच्या आतल्या भागात राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिलं आहे. छोट्या गावातल्या रुग्णालयात रुजू झालेले डॉक्टर असोत, पवनचक्क्यांच्या किंवा तेलाच्या कामावर आलेले इंजिनिअर असोत, वर्षभरात एकदा तरी प्रश्न पडतोच. मुलं सांभाळायला बाई ठेवायची आहे, घरातली खोली भाड्याने द्यायची आहे, छताच्या कामाला कुणी हवं आहे. या माणसावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?

अशा वेळी आपले लोक गूगलवर नाव टाकतात आणि पैसे मागणारी पहिली वेबसाइट येईल तिला पैसे देऊन मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. या वेबसाइट ठिकठिकाणची माहिती घाऊक विकत घेतात. लहान काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) माहिती त्यांच्याकडे बहुधा नसते. असली तर अटक दिसते, पण पुढे खटला रद्द झाला हे दिसत नाही. एकाच नावाची दोन माणसंही बिनदिक्कत एकत्र केलेली असतात.

दुसरी सवय आपण महाराष्ट्रातून आणतो. तिथे चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून होते, म्हणून इथेही लोक आधी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात जातात. शेरीफकडे अटक आणि तुरुंग यांची माहिती असते. खटल्याचं पुढे काय झालं ते कोर्टाच्या क्लर्ककडे, आणि तीच खरी नोंद.

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत ४७ लाखांवर लोक होते आणि पश्चिमेकडच्या लव्हिंग काउंटीत अवघे ६४. कोर्टांची रचना मात्र दोन्हीकडे त्याच कायद्याने ठरते, म्हणून ती एकदा समजून घ्या.

मोठे गुन्हे, म्हणजे फेलनी, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात आणि त्यांची कागदपत्रं डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात. क्लास ए आणि क्लास बी मिसडिमीनर, म्हणजे ज्यात काउंटीच्या तुरुंगात अनुक्रमे जास्तीत जास्त एक वर्ष आणि जास्तीत जास्त १८० दिवस शिक्षा होऊ शकते ते गुन्हे, सहसा काउंटी कोर्टात असतात आणि त्यांची कागदपत्रं काउंटी क्लर्ककडे. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला बहुतेक इथेच सापडतो. क्लास सी मध्ये फक्त दंड होतो, ५०० डॉलरपर्यंत. ते जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ खटले चालवणारे स्थानिक न्यायाधीश, यांच्याकडे, किंवा शहराच्या हद्दीत घडलं असेल तर म्युनिसिपल कोर्टात. अगदी कमी वस्तीच्या काउंटीत डिस्ट्रिक्ट आणि काउंटी क्लर्क ही एकच व्यक्ती असते, मग एका खिडकीत दोन्ही कामं होतात. जिथे दोन वेगळी ऑफिसं आहेत तिथे दोन्हीकडे विचारावंच लागतं. एका ऑफिसात ‘काही नाही’ म्हणाले याचा अर्थ त्या ऑफिसात काही नाही, एवढाच. यावर बहुतेकांची फसगत होते.

एकच डिस्ट्रिक्ट कोर्ट तीन-चार काउंट्यांना धरून असतं आणि न्यायाधीश ठरलेल्या दिवशीच येतात. त्याने बिघडत नाही, क्लर्कचं ऑफिस रोज उघडं असतं. दुपारी बारा ते एक मात्र अनेक ठिकाणी कुलूप असतं.

गुन्हा जिथे घडला तिथल्या काउंटीत नोंद होते, माणूस राहतो तिथे नाही. ग्रामीण भागात हे फार महत्त्वाचं आहे, कारण लोक कामाला एका काउंटीत, बाजाराला दुसऱ्या आणि मुलांच्या खेळांना तिसऱ्या काउंटीत जातात. त्यामुळे माणूस गेली काही वर्षं जिथे राहिला आणि जिथे कामाला गेला, त्या सगळ्या काउंट्यांची यादी आधी करा. शेजारच्या काउंट्या त्यात धराच.

जाण्याआधी फोन करा. तीन गोष्टी विचारा: नोंदी ऑनलाइन आहेत का आणि असतील तर कोणत्या वर्षापासून, शोधायला शुल्क किती, पैसे कसे घेता. लहान काउंटीत संगणकावरची यादी ठरावीक वर्षापासूनच सुरू होते, त्याआधीचं जाड वह्यांच्या सूचीत किंवा मायक्रोफिल्मवर असतं. वैयक्तिक चेक सगळीकडे घेत नाहीत. पोस्टाने मागवायचं असेल तर मनी ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवा. आणखी एक: कोर्टाच्या कागदांना टेक्सासचा पब्लिक इन्फर्मेशन कायदा, म्हणजे इथला माहिती अधिकार, लागू होत नाही. त्या कायद्याखालचा अर्ज शेरीफसारख्या ऑफिसांसाठी आहे. क्लर्ककडे साध्या भाषेत, पूर्ण नाव आणि जन्मतारीख देऊन विचारायचं.

या खिडकीवरच्या बायका कामाला चोख असतात आणि सौजन्याने बोललं तर मनापासून मदत करतात. त्यांच्यावर घाई लादू नका. कुणाचीही परवानगी न घेता, कारण न सांगता कोर्टाचे कागद पाहता येतात, ही या देशातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

नावावर खटला सापडला की कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक, लिहून घ्या आणि फाइलच मागा. सूचीतल्या एका ओळीवर मत बनवू नका. आरोपपत्र म्हणजे फेलनीत इंडाइटमेंट, मिसडिमीनरमध्ये इन्फर्मेशन. हा फक्त आरोप. निकाल जजमेंटमध्ये असतो. डिसमिसल, म्हणजे खटला रद्द, असं दिसलं तर कारण वाचा. ‘१२.४५’ असा आकडा दिसला, तर तो गुन्हा आरोपीने मान्य करून दुसऱ्या खटल्याच्या शिक्षेत धरला गेला आहे, निर्दोष सुटका नव्हे. ‘नो बिल’ म्हणजे ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) आरोप ठेवायला नकार दिला. जन्मतारीख, मधलं नाव, पत्ता यांतलं किमान दोन जुळल्याशिवाय हा तोच माणूस असं समजू नका. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एखाद्याचा तुरुंगातला फोटो फिरवतात तेव्हा यातलं काहीही तपासलेलं नसतं. तो प्रकार अन्यायाचा आहे, त्यात सामील होऊ नका.

राज्याच्या डीपीएसची (डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टी, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा खातं) वेबसाइट दुसरी पायरी. तिथे एका शोधाला एक डॉलरचं क्रेडिट आणि वर थोडं शुल्क लागतं. शिक्षा आणि डिफर्ड ॲडज्युडिकेशन, म्हणजे गुन्हा कबूल केल्यावर दोषी न ठरवता निकाल पुढे ढकलणं, हे दिसतं. पण ती माहिती काउंट्यांनी वर पाठवलेली असते, आणि निकाल पाठवायचे राहून जातात. क्लास सी चे खटले तिथे साधारणपणे नसतातच. लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही डीपीएसकडेच, मोफत. मुलांजवळ येणाऱ्या कुणासाठीही ती पाहाच. राज्याच्या तुरुंगातले कैदी टीडीसीजेच्या, म्हणजे राज्याच्या तुरुंग खात्याच्या, वेबसाइटवर मोफत सापडतात. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टातले, खटले यातल्या कशातच नसतात. त्यासाठी पेसर (PACER) ही फेडरल कोर्टांची वेबसाइट, पानाला १० सेंट, आणि तीन महिन्यांत ३० डॉलर किंवा कमी झाले तर माफ.

भाडेकरू किंवा कामवालीची माहिती कंपनीकडून विकत घेतलीत तर १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा लागू होतो. नोकरीवर ठेवण्यासाठी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि त्या अहवालावरून नकार दिलात तर तसं कळवावं लागतं. भाडेकरू निवडताना निकष सगळ्यांना एकच लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात आपल्या लोकांचं ग्रीन कार्ड अडकतं. स्वतःची नोंद.

टेक्सासमध्ये वकील सहज सांगतात, ‘डिफर्ड घ्या, मुदत पूर्ण केली की खटला डिसमिस होतो.’ राज्याच्या कायद्यात ती शिक्षा (कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरणं) नाही, हे खरं. पण १९९६ पासून इमिग्रेशनच्या कायद्यात शिक्षा या शब्दाची व्याख्या वेगळी आहे: गुन्हा कबूल केला किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटलं, आणि न्यायाधीशांनी देखरेखीसारखं कुठलंही बंधन घातलं, की इमिग्रेशनच्या दृष्टीने ती शिक्षाच. पुढे डिसमिस झालं तरी. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडीया (Padilla) विरुद्ध केंटकी या निकालापासून गुन्हेगारी खटल्याच्या वकिलावर देशाबाहेर काढलं जाण्याच्या धोक्याबद्दल सल्ला देण्याची जबाबदारी आहे. म्हणून काहीही कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा. खटला कितीही किरकोळ वाटला तरी विचारा.

दुसरी एक चूक आणखी महागात पडते. खटला रद्द झाला की लोक घाईने एक्सपंक्शन, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने नोंद पुसून टाकणं, करवून घेतात. मग क्लर्ककडची फाइल नष्ट होते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरताना पुसून टाकलेली अटकही सांगावी लागते आणि प्रमाणित निकाल मागितला जातो. तो द्यायला आता कुणाकडे काहीच उरलेलं नसतं. म्हणून एक्सपंक्शनचा अर्ज करण्याआधी क्लर्ककडून आरोपपत्र, निकाल किंवा डिसमिसलचा आदेश, आणि अटी पूर्ण केल्याची नोंद, या सगळ्यांच्या शिक्का मारलेल्या किमान दोन प्रमाणित प्रती घ्या. पानाला साधारण एक डॉलर आणि प्रमाणित करण्याचे थोडे वर, एवढाच खर्च येतो.

शोधताना स्वतःचं नाव सगळ्या रूपांत द्या. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर पतीचं, पोलिसाने ऐकून लिहिलेलं तिसरंच. ‘देशपांडे’ची स्पेलिंगं तर विचारूच नका. आडनाव आणि पहिलं नाव उलटसुलट करूनही पाहायला सांगा, आणि प्रत हातात येताच नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना ते खिडकीवरच वाचून घ्या. चूक निघाली तर दुरुस्ती कशी करायची ते क्लर्क तिथेच सांगतात.