आईंना व्हिडिओ कॉल नीट ऐकू यावा म्हणून

"आवाज वाढव गं, काही ऐकू येत नाही." वाढवला की लगेच, "केवढ्यानं ओरडतोय तो!" ही दोन्ही वाक्यं एका मिनिटात ज्यांच्या घरी ऐकू येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

वयामुळे कान जातो तेव्हा बहुतेकदा आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. आ, ओ, ऊ ऐकू येतात; स, श, फ, थ गळतात. जवारी गेलेला तंबोरा मिरजेत कुणाकडे वाजवून बघा, तार वाजते पण झंकार नाही. तसंच हे. जर्मनीतले भाऊजी "सातला फोन करतो" म्हणाले की आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, "आठला" ऐकू येतं. आवाज वाढवून 'आ' दणदणीत होतो, 'स' मात्र तिथंच राहतो. वर अशा कानाला मोठा आवाज पटकन टोचतोही. त्यामुळे धडपड करायची ती आवाज स्वच्छ करण्यासाठी.

संगणकाला हात लावण्याआधी कान दाखवून घ्या. मळाचा बोळा बसलेला असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे थोडक्यात काम होतं. घरच्या घरी काडी, पिन, तेल असले उद्योग नकोत. श्रवणयंत्र असेल तर सेल बघा. आईंच्या यंत्राला १३ नंबरचा, नारिंगी पट्टीचा सेल लागतो. हे सेल हवेवर चालतात. पट्टी काढली की मिनिटभर तसाच ठेवायचा, मग यंत्रात घालायचा. पट्टी काढून डबीत ठेवून दिलेला सेल न वापरताही उतरतो. यंत्र घ्यायचंच असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, तर ३,००० रुपये खात्यात. तेवढ्यात भारी यंत्र येत नाही, पण हातभार लागतो.

आता खोली. आमचं घर गावभागातलं, जुनं. खाली शहाबादी फरशी, भिंती उंच, माडीवर पत्रा. बोललेलं सगळं घुमतं, आणि घुमलेल्या आवाजात कमी ऐकू येणारं माणूस पार हरवतं. सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, टेबलावर गोधडीची घडी टाका. पंखा बारीक करा. कॉल चालू असताना मिक्सर नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून कॉल करायचा विचारसुद्धा करू नका.

लॅपटॉपचे स्पीकर बहुधा खालच्या बाजूला असतात, म्हणजे आवाज टेबल ऐकतं. साधा यूएसबीचा बाहेरचा स्पीकर घ्या आणि ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो, तोही न घुमता. बटण पिळण्यापेक्षा स्पीकर जवळ सरकवणं केव्हाही चांगलं.

हेडफोन आणखी चांगला, पण कान पूर्ण झाकणारा, मोठ्या गादीचा. कानामागच्या यंत्राचा माईक कानाच्या वरच्या कडेला असतो, म्हणून हेडफोन जरा वर सरकवून बसवा. शिट्टी वाजली तर किंचित हलवा. कानात घालायच्या बोंडांसाठी यंत्र काढावं लागतं, मग काय उपयोग? यंत्रात 'टी'ची (टेलिकॉइल, म्हणजे माईकऐवजी चुंबकीय लहरींतून आवाज घेण्याची) सोय असेल तर गळ्यात घालायचा नेकलूप मिळतो. तो हेडफोनच्या भोकात लावला की आवाज थेट यंत्रात जातो, खोलीतला गोंगाट मध्ये येत नाही. ब्लूटूथचं यंत्र मोबाइलला जोडलं जातं म्हणून संगणकालाही जोडलं जाईलच असं नाही. विकणाऱ्याकडून करून दाखवून घ्या.

सेटिंगमध्ये फार शिरू नका. संगणकाचा, अ‍ॅपचा आणि स्पीकरचा असे तीन आवाज वेगवेगळे असतात, तिन्ही तपासा. एकाच कानानं ऐकू येत असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, ऑडिओ इथं जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. मग दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानात येतो.

खरी मेख पलीकडच्या टोकाला असते. आपण इथं गोधड्या पसरायच्या आणि तिकडं भाऊजी सोफ्यावर रेलून, लॅपटॉप चार हात लांब ठेवून बोलणार, मागं जाऊबाई भांडी विसळणार. त्यांना स्पष्ट सांगा: माईकवाला इअरफोन लावा, खिडकीकडं पाठ करून बसू नका. तोंडावर उजेड असला की आई ओठ वाचतात. त्यांचं त्यांनाही ते माहीत नाही. ओरडू नका, जरा सावकाश बोला, एका वेळी एकानंच. "काय?" आलं की तेच वाक्य चढ्या आवाजात फेकू नका, शब्द बदला. "सातला" कळलं नाही तर "सातला, दिवेलागणीला" म्हणा. आणि विषय बदलताना आधी सांगा, "आई, आता सईच्या शाळेचं." निम्मं ऐकू येणारं माणूस उरलेलं अंदाजानं भरतं, अंदाजाला विषय लागतो. (हे मी सांगितलं तर भाऊजी ऐकतात. त्यांच्या भावानं सांगितलं की वाद होतो.)

एवढं करूनही अडलं तर अँड्रॉइड मोबाइलवर गूगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' घ्या, भाषा मराठी निवडा, अक्षर मोठं करा आणि मोबाइल स्पीकरशेजारी उभा करा. बोललेलं लगोलग लिहून येतं. हेडफोन लावला असेल तर हे चालत नाही, कारण मोबाइललाही आवाज ऐकू यायला हवा. नावं आणि गावं ते हमखास बिघडवतं, पण वाक्याचा रोख कळतो.

तारीख, आकडा, औषधाचं नाव मात्र ऐकण्यावर सोडूच नका. भाऊजी जाड मार्करनं कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरतात. त्यांच्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतात म्हणून सुरुवातीला ते कागद फिरवत बसायचे. आपल्याकडं ती सुलटीच दिसतात.