आइसलँडमध्ये गाडीचे दार जपून उघडावे

आइसलँडला वळसा घालणारा सुमारे १,३०० किलोमीटरचा रिंग रोड आठवड्याभरात पुरा करायचा असेल, तर भाड्याच्या गाडीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरावे आणि गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी. कारण मागून आलेला झोत दार हिसकावून बिजागरीपाशी वाकवतो, आणि हे नुकसान साध्या विम्यात बहुधा धरलेले नसते. विक गावाच्या आसपास उडणारी काळी ज्वालामुखीय वाळू तर गाडीचा रंगच खरवडून काढते, म्हणून रोज सकाळी वाऱ्याचा अंदाज पाहूनच निघावे. एकपदरी पुलाजवळ जो आधी पोहोचतो, तो आधी जातो. ‘एफ’ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्हशिवाय जाऊ नये; आमच्यासारख्या घाटात मुरलेल्या चालकांनीसुद्धा!