सेल्फ मारताना धूर बघा

आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड करून मी मांजरसुंब्याजवळच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा इंजिन आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो पहिल्याच थंडीत उतरला.

ऊसतोडीचा हंगाम होता. टोळी घेऊन निघालेली एक जुनी सहा सिलिंडरची गाडी रात्री गॅरेजसमोर थांबली आणि पहाटे उठेना. बायांनी रस्त्याकडेलाच तीन दगड मांडून चहा ठेवला होता. मिस्त्री गावाला गेलेले. "रातच्याला तर झकास पळत व्हती की," ड्रायव्हर म्हणाला. मी कान टवकारून दोन सेल्फ ऐकले आणि ठरवून टाकलं, सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल गेले. सहाच्या सहा काढले आणि क्लीनरच्या हाती बीडला टेस्टिंगला पाठवले. दुपारी ते परत आले. सगळे ठीक! बसवले, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली, बराच वेळ सेल्फ मारल्यावर गाडी भडभडत चालू झाली. मी खूश. तासभर बंद ठेवली, पुन्हा तेच रडगाणं.

मिस्त्री आले, इंजिनकडे गेलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आरं, सेल्फ मारताना धूर बघितलास का?"

बघितला नव्हता. नव्या पोरांना मी आता सगळ्यात आधी हेच सांगतो: पाना हातात घ्यायच्या आधी एकाला सेल्फवर बसवा आणि आपण सायलेन्सरपाशी उभे राहा. इंजिन जोरात फिरतंय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग इंजिनचा गारठा, कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाणं), टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), नोझल यांच्याकडे वळायचं. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर उघडून बघा. आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यांवर तो किती लवकर भरतो हे सांगायला नको.

त्या गाडीला धूर नव्हता. मिस्त्रींनी स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन पंपापेक्षा उंच टांगला, टाकीकडून येणारी नळी सोडून फिडपंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) कॅनची नळी जोडली आणि हवा काढली. गाडी तासभर तशीच ठेवली. मग सेल्फ मारला, तर अर्ध्या फेऱ्यात चालू. म्हणजे नोझलला दाबानं डिझेल पाठवणारा मोठा पंप चांगला, नोझल चांगले. दोष टाकी ते फिडपंप एवढ्याच टप्प्यात. टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपखाली नखाएवढी चीर होती. मी सकाळी तिथं हात फिरवला होता, पण नळी कोरडी होती म्हणून पुढे गेलो. इथंच नवे पोरं फसतात. फिडपंपाच्या अलीकडे नळीत ओढ असते. तिथल्या चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीत उतरतं, आणि पहाटे पंपात हवाच असते.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सकाळी सेल्फच्या आधी फिडपंपावरचा हातानं दाबायचा हँडपंप मारून बघायचा. वीस-पंचवीस दाब मऊ गेले, मग कडक झाला आणि गाडी लगेच उठली, तर डिझेल मागे उतरतंय हे जवळपास पक्कं. डिझेल फिल्टर आणि मोठ्या पंपाच्या मधे पारदर्शक नळीचा तुकडा लावला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

सेल्फच जर रडत फिरत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेनं डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं तर हवा पुरेशी तापतच नाही. दोन बॅटऱ्या मिळून उभ्या गाडीत २५ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवं. सेल्फ मारताना १८ च्या खाली गेलं तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा. बॅटरी चांगली निघाली तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनाकडची जोडणी) घासून घट्ट करा. नव्या बॅटऱ्या घेऊनही रडणाऱ्या गाड्या मी या एका पट्टीवर उठवल्यात.

मे महिन्यात उलटं गाऱ्हाणं येतं: सकाळी टकाटक उठते, ढाब्यावर जेवून आल्यावर उठत नाही. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या मोठ्या पंपातून मागे निसटतं. इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग उठली तर पंप झिजलाय असं समजा. तापल्या पंपावर गार पाण्याची बादली मात्र ओतू नका, आतले भाग जाम होतात.

थंडीत एअर फिल्टरपुढे पेटता बोळा धरणारे ड्रायव्हर भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, बोळा काढून घ्या. कागदी फिल्टर पेटलेला मी बघितलाय. गाडी उठवायला मारतात तो भडकन पेटणारा इथरचा स्प्रेही तसाच. हीटर प्लग (सेल्फच्या आधी सिलिंडर तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात तर चुकूनही मारू नका.

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर भक्कन धूर आला तर रिंग-लायनर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं अस्तर) झिजल्याची शंका घ्यायची. पण ते बिल मोठं असतं. बाकी सगळं तपासल्याशिवाय मालकापुढे तो शब्द काढू नका.

त्या दिवशी टोळी चारच्या सुमारास निघाली. नोझल तपासायचे पैसे मिस्त्रींनी ड्रायव्हरकडून घेतले नाहीत, माझ्या पगारातूनही कापले नाहीत. पण जाण्याआधी सहाही नोझल मला पुन्हा काढायला लावले, कारण त्यांच्याखाली मी नवे न टाकता तांब्याचे जुनेच, दाबले गेलेले वायसर टाकले होते.