मे महिन्याची सुट्टी, रोजची एकच वाट

सुट्टीत मुलांना कुठे न्यायचं, हा प्रश्न एप्रिल संपत आला की आमच्या साताऱ्यातल्या शाहूपुरीत घरोघरी निघतो. महाबळेश्वर दीड तासावर, कास त्याहून जवळ. एकदा जाऊन यावं, आनंदच आहे. पण सहल एका दिवसाची आणि सुट्टी पाच-सहा आठवड्यांची. बाकीच्या दिवसांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: रोज बाहेर पडायचं आणि रोज त्याच वाटेनं जायचं. एकच डोंगर, एकच करवंदाची जाळी, एकच मैदान, एकच गच्ची. नव्या जागी मुलं खाऊची गाडी शोधतात. ओळखीच्या जागी कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते शोधतात. माझी थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. दोघांच्या वयात चार वर्षांचं अंतर असूनही ही वाट दोघांना पुरते. आमचा डोंगर म्हणजे गावालगतचा अजिंक्यतारा किल्ला; साताऱ्यात राहत नसाल तर त्याच्या जागी तुमच्या गावची टेकडी धरा.

पहाटेचा डोंगर

मे महिन्यात इथं सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पावणेसहाला घर सोडलं तर चढ सावलीत संपतो आणि साडेआठपर्यंत परत येता येतं. नऊनंतर दगड तापायला लागतात, तेव्हा मुलं वर नकोत. यासाठी सगळी तयारी रात्रीच झाली पाहिजे. बाटल्या भरून ठेवायच्या, बूट दाराशी, मोजे बुटात, टोपी त्यावर. सकाळी एक मोजा शोधण्यात वीस मिनिटं गेली की पुढचा सगळा क्रम उन्हात जातो. चप्पल चालत नाही, सुक्या गवतावरून पाय घसरतो. पाणी प्रत्येकाचं वेगळं, माणशी एक लिटर. वर खायला शेंगदाणे-गूळ, केळी, नाहीतर रात्रीच करून ठेवलेलं थालीपीठ. बिस्किटांनी तहान वाढते.

अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्ता पार दरवाजापर्यंत जातो. पहिल्या आठवड्यात वर पोचण्याचा हट्ट धरू नका. एका वळणापर्यंत जायचं, बसायचं, उतरायचं. मग दुसऱ्या वळणापर्यंत. चालताना सगळ्यात लहान मूल पुढे ठेवायचं आणि मोठ्यांनी त्याच्या चालीनं मागून जायचं. लहानगा मागे राहिला की धावतो, धापा टाकतो आणि तिसऱ्या दिवशी "मी नाही येणार" म्हणतो. तोच पुढे असला की वाट दाखवणारा होतो आणि एरवी चालला नसता तेवढं चालतो.

प्रत्येकाकडे एक काम हवं. आमच्याकडे धाकटा पाण्याचा मालक आहे: कोणी किती प्यायलं ते तो बघतो, मलाही हटकतो. थोरलीकडे वही. वहीत रोज एकच ओळ लिहायची. निबंध नको, चित्र काढलं तरी चालेल. "आज करवंदं लाल दिसली." "कावळा कोकिळेच्या मागे लागला." एवढंच. ही वही तपासू नका, शुद्धलेखन सुधारू नका. सुट्टी आहे.

करवंदाची जाळी मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका. वाटेवरची, हाताच्या उंचीची एकच जाळी आपली म्हणायची आणि रोज तिथं थांबायचं. आधी फळं हिरवी कच्च असतात, तोडली की पांढरा चीक येतो. मग एका बाजूनं लाली चढते, मग काळी होतात, आणि एक दिवस नुसता हात लागला तरी सुटून येतात. पिकलेलं करवंद दातानं अर्धं तोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ आमच्या आजीपासून चालत आलाय आणि माझ्या मुलांनाही तितकाच आवडतो. काटे जबर असतात, म्हणून फांदी एकानं धरायची, दुसऱ्यानं तोडायचं. जाळीच्या बुडाशी आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, हा नियम मी कधीच सैल करत नाही. आपल्याकडच्या डोंगरात घोणस असते आणि ती पाचोळ्यात दिसत नाही.

पक्ष्यांचं पुस्तक लागत नाही. सुरुवातीला दोनच आवाज पक्के करा. टुक् टुक् टुक् असं एका लयीत चालतं तो तांबट, वडा-पिंपळावर शोधायचा. दुसरी कोकीळ. गातो तो नर, काळाभोर. मादी तपकिरी, अंगभर ठिपक्यांची. हिचीच अंडी कावळ्याच्या घरट्यात असतात, म्हणून मे महिन्यात कावळे कोकिळांच्या मागे लागलेले दिसतात. हे सांगून टाकू नका. पाठलाग दोन-तीनदा बघू द्या, मूल आपणहून कारण विचारेल. उत्तर तेव्हा द्यायचं.

गडावर पोचलं की आमचा दिशांचा पाठ असतो. नैऋत्येला सज्जनगड, पश्चिमेला यवतेश्वराचं पठार, पूर्वेला जरंडा, हवा स्वच्छ असेल तर लांब उत्तरेकडे चंदन-वंदनची जोडी. धाकट्याला डोळे मिटून गरागरा फिरवायचं आणि डोळे उघडल्यावर सज्जनगड दाखवायला सांगायचं. आता तो कुठेही उभा केला तरी दिशा सांगतो. मग मंगळाईच्या देवळाकडे जातो. इथल्या बुरुजापाशी इतिहास सांगायला फार शब्द लागत नाहीत. औरंगजेब स्वतः खाली तळ देऊन बसला होता, वर प्रयागजी प्रभू किल्लेदार होते आणि गड चार महिन्यांहून जास्त लढला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले, त्यातल्या एकाचे दगड उलटे त्यांच्याच सैन्यावर कोसळले. पुढे गड हातचा गेला. पण १७०८ मध्ये छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. पुस्तकात हे चार ओळींत येतं. इथं मूल खाली वाकून तटाची उंची बघतं आणि विचारतं, "ते एवढं चढून आले कसे?" तटाच्या कडेला मात्र मुलाचा हात आपल्या हातात हवा, आणि फोटोसाठी कोणी कठड्यावर चढायचं नाही.

कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर वाट बदला. दगड मारणं, ओरडणं, धूर, अंगावरचं अत्तर, काहीही त्यांना उठवायला पुरतं. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहायचं नाही; तोंड झाकून पळत सुटायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं.

गच्ची, सावली आणि बारा-तीसची गंमत

खाली आल्यावर मुलांना लगेच घरात कोंडू नका. या दिवसांत आमच्या गच्चीवर वाळवण असतं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा. कुरडया घालायच्या दिवशी पहाटे शिजवलेला गरम चीक वाटीत घेऊन, तूप-साखर घालून तिथंच खायचा. सोऱ्या दाबायला मुलांचा जोर पुरत नाही, पण कागदावर कुरडया मांडणं आणि दहापर्यंत छत्रीखाली बसून कावळे हाकणं हे त्यांचं खरं काम आहे, वेळ घालवायला दिलेलं नाही. शेजारच्या काकूंनी "कुरडया कुणी राखल्या गं?" असं विचारलं की दोघंही पुढे होतात.

गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात पाखरांसाठी मातीचं पसरट परळ ठेवा. पाणी उथळ, मध्ये एक दगड, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. पाणी रोज ओतून नवं भरायचं, नाहीतर डास होतात.

दहा ते साडेचार मुलं सावलीत किंवा घरात. याला एकच अपवाद आहे. साताऱ्यात १० मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. बारा-वीसला गच्चीवर एक सरळ बाटली किंवा पाईपचा तुकडा उभा करा, दर दोन-तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सावली आखडत आखडत बुडाशी जाते आणि मग दुसऱ्या बाजूला निघते. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५ मेच्या सुमारास. मावसभावंडं त्या गावांत असतील तर फोनवरून त्यांना आधी सांगायचा मान मुलांना द्या. पाय भाजतात, चपला घाला, आणि झालं की लगेच खाली.

उन्हातून आल्यावर मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळायला लागलं तर त्याला सावलीत आडवं करा, ओल्या पंच्यानं अंग पुसा आणि थोडं थोडं पाणी पाजा. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण फ्रिजवर लिहून ठेवा. मूल बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपत असेल तर पाजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. रोजच्याला पन्हं आणि कोकम सरबत पुरे.

संध्याकाळचं मैदान

साडेचार-पाचला गल्लीतली पोरं जमतात. इथं आईबापांनी करायचं काम फार थोडं: गाड्या येत नाहीत अशी जागा बघायची, पाण्याची कळशी ठेवायची आणि लांब बसायचं. लगोरीला सात चपटे दगड आणि मऊ चेंडू हवा, टेनिसचा जुना चालतो, क्रिकेटचा कडक नको. अंधार पडायच्या आधीचा अर्धा तास डबा ऐसपैससाठी सगळ्यात चांगला, लपायला सावल्या मिळतात. वडाचं झाड जवळ असेल तर सूरपारंब्या खेळू द्या, पण आधी खालच्या फांद्या स्वतः ओढून बघा. लहानांना कच्चा लिंबू ठेवायची रीत आहेच. ती मुलं आपणच ठरवतात आणि कुणाचा लिंबू कधी पिकला हेही तीच ठरवतात. भांडण झालं, कोणी रडत आलं, तर पाणी द्या आणि परत पाठवा. न्याय करायला उठू नका. मी उठत नाही, म्हणून थोरली आता स्वतः दोन्ही बाजू ऐकून राज्य कुणावर ते सांगते, आणि पोरं तिचं मानतात.

मे महिन्यात वळीव केव्हाही येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला मुलांना शिकवा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर खेळ मोडायचा आणि पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पहिल्या सरीत भिजायची घाई असते, पण आधी मोजायचं, मग भिजायचं.

रविवारी आम्ही लिंब गावाजवळच्या मळ्यात जातो. तिथं सासऱ्यांची विहीर आहे, पायऱ्यांची. पोहायला शिकवायचं काम अण्णांचं. पाठीला कोरडा भोपळा किंवा पाच लिटरचा रिकामा कॅन, कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. शिवाय पाण्यात एक पोहणारा. ही दोन माणसं नसतील त्या दिवशी पोहणं नाही. पायऱ्या नसलेली विहीर, खाण, नदीचा डोह, इथं मुलांना उतरवूच नका. जाता-येता बारा मोटेची विहीर दाखवतो. अण्णा मोटा कशा चालायच्या ते हातवारे करून सांगतात आणि पोरं खालपर्यंत वाकून साद घालतात.

रात्री नऊला

गच्चीवर अंथरुणं घातली की दिवे बंद करा आणि डोळ्यांना दहा मिनिटं द्या. मे महिन्यात या वेळेला सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. पुढचे दोन तारे, क्रतु आणि पुलह, जोडून रेघ वाढवली की ध्रुव. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, आणखी पुढे चित्रा. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाला चिकटून अरुंधती आहे, ती कुणाला दिसते यावर आमच्याकडे रोज पैज लागते. महिनाअखेर आग्नेयेला वृश्चिक चांगला वर येतो, त्यातली लाल ज्येष्ठा धाकटा सगळ्यात आधी शोधतो.

हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचा साधारण १० अंशांचा तुकडा झाकते. साताऱ्याचा अक्षांश १७.७ अंशांच्या जवळपास, म्हणून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा खाली. आत्या दिल्लीला असते. तिला गच्चीवरून फोन करून मोजायला लावलं तर तिकडे जवळजवळ तीन मुठी भरतात. अक्षांश म्हणजे काय हे थोरलीला असंच कळलं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. तोवर पाऊस लागला असेल तर गडाच्या दगडी वाटा सोडून डांबरी रस्त्यानंच जा, शेवाळावरून मोठी माणसंही घसरतात. शाळा सुरू झाली की आमची वाट फक्त रविवारची होते, पण बूट माळ्यावर टाकत नाही. जुलैत त्या करवंदाच्या जाळीवर एकही फळ नसतं, आणि तरी धाकटा तिथं थांबतोच.