फोन कट करू नका: पलीकडच्या सूचनांवर सीपीआर कसा द्यायचा

घरात कुणी कोसळलं की आपल्याकडे आधी ओळखीच्या डॉक्टरांना फोन जातो, मग मेहुण्याला, मग ज्याच्याकडे गाडी आहे त्या शेजाऱ्याला. १०८ चा नंबर चौथा-पाचवा लागतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला हा क्रम परवडत नाही. छाती दाबली गेली नाही, म्हणजे सीपीआर मिळाला नाही, तर त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावर उभी असली तरी स्ट्रेचर घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायला वेळ लागतोच. तोवर हात तुमचे आणि माहिती फोनवरच्या माणसाची, अशी ही जोडी आहे.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतलं सिएटल शहर ज्या किंग काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथे १९८० च्या दशकात फोनवरून सीपीआर सांगायला सुरुवात झाली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात, ॲम्ब्युलन्स येण्याआधी सीपीआर मिळालेल्या रुग्णांचं प्रमाण ४५ वरून ५६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. फोन करणारे तेच सामान्य लोक होते. फरक एवढाच, की कुणीतरी त्यांना काय करायचं ते सांगत होतं.

फोन लावताना

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ लावा. तो लागला नाही तर ११२. लागल्याबरोबर स्पीकर चालू करा आणि फोन रुग्णाच्या डोक्याशेजारी जमिनीवर ठेवा. फोन कानाला धरून छाती दाबता येत नाही.

पहिलं वाक्य पत्त्याचं असू द्या. मध्येच फोन कट झाला तरी गाडी निघू शकते. महाराष्ट्राची १०८ सेवा राज्यभर एकच आहे, त्यामुळे नुसतं ‘वडगाव’ म्हणून भागत नाही. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक की वडगाव मावळ? गाव, तालुका, जिल्हा आणि मग खूण, या क्रमाने सांगा. ‘मारुतीच्या देवळासमोर’ ही खूण तर जवळपास प्रत्येक गावात सापडते. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड वाचून सांगा.

इथे बहुतेकांचा पारा चढतो. ‘प्रश्न काय विचारत बसलात, आधी गाडी पाठवा!’ पण चांगल्या कंट्रोल रूममध्ये पत्ता मिळाला की गाडी पाठवण्याचं काम सुरू होतं आणि बाकीचे प्रश्न ती वाटेत असताना विचारले जातात. उत्तरं दिल्याने गाडीला उशीर होत नाही. उलट आरडाओरड्यात छाती दाबायला उशीर होतो. समोरचा माणूस एकच वाक्य त्याच शब्दांत, त्याच शांत आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर चिडू नका. घाबरलेल्या माणसाला भानावर आणण्याचं ते शिकवलेलं तंत्र आहे.

दोन प्रश्न

सगळा निर्णय दोन प्रश्नांवर ठरतो. माणूस शुद्धीवर आहे का? आणि श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर छाती दाबायला लागायचं.

पहिला प्रश्न सोपा आहे. खांदे गदागदा हलवा, मोठ्याने हाक मारा. चूक होते ती दुसऱ्यात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं पुष्कळ रुग्ण आचके देतात. तोंड उघडतं, घशातून घोरल्यासारखा किंवा घरघर आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. घरचे फोनवर सांगतात, ‘हो हो, श्वास चालू आहे’, आणि मदत तिथेच अडते. आचके म्हणजे श्वास नव्हे. म्हणून हनुवटी किंचित वर करा, छातीकडे बघा आणि दिसतं तेच सांगा: ‘मध्येच एक मोठा आचका येतोय, मग थांबतंय.’ पलीकडून कदाचित सांगतील, की छाती वर येईल तेव्हा दर वेळी ‘आता’ म्हणा. दोन ‘आता’मधलं अंतर ऐकून त्यांना कळतं. यात १० सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. नाडी शोधत बसू नका, सवय नसलेल्याला ती नीट कळत नाही.

हृदय बंद पडताना काही जणांचे हातपाय काही सेकंद झटकतात. लगेच कुणीतरी फिट आली म्हणून कांदा नाहीतर चप्पल शोधायला धावतं. झटके थांबल्यावर श्वास नेहमीसारखा नसेल तर ती फिट समजू नका. घरघर लागली म्हणून तोंडात पाणी घालायला निघालेल्या आजींनाही प्रेमाने बाजूला करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नाही, गंगाजलही नाही.

जमिनीवर घ्या

गादीवर दाबलं तर गादीच दबते. रुग्णाला खाली घ्यायला हवं, आणि एकट्या माणसाला हेच सर्वांत जड जातं. उचलायच्या फंदात पडू नका. उशी काढा, चादरीसकट पलंगाच्या कडेला ओढा, मग काखेत हात घालून डोकं सांभाळत खाली सरकवा. पाय धप्पकन पडले तरी हरकत नाही. वयामुळे किंवा पाठीमुळे तुम्हाला हे जमत नसेल तर तसं फोनवर सांगा आणि शेजाऱ्यांना हाक मारा. कुणीच येत नसेल तर पलंगावरच सुरू करा.

आता रुग्ण उताणा. तुम्ही छातीशेजारी गुडघ्यांवर. दोन स्तनाग्रांच्या मधोमध छातीचं हाड लागतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवा. दुसरा हात त्यावर, बोटं अडकवलेली. कोपरं ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. बाई असली तरी जागा हीच. ब्लाउज काढण्याची गरज नाही, मंगळसूत्र फक्त बाजूला सरकवा. संकोचापायी बायकांना सीपीआर कमी वेळा मिळतो, ही जगभर आढळलेली गोष्ट आहे.

दाबताना

किमान ५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच खोल, पण ६ च्या पुढे नाही. दर मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, पण हात उचलू नका. मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. हे मोजणं पलीकडच्या माणसासाठी आहे. त्याला तुमचे हात दिसत नाहीत, वेग तो आवाजावरूनच ओळखतो. ‘अजून जोरात’, ‘थोडं भरभर’ हे त्यावरूनच येतं.

मध्येच कट्ट असा आवाज येईल. बरगडी मोडलेली असू शकते. थांबू नका, बरगडी जुळून येते. ‘हृदय चालू असलं आणि मी उगाच दाबलं तर?’ ही भीतीही साहजिक आहे. अशा वेळी गंभीर इजा क्वचितच होते. खरंच बंद असताना न दाबण्याचं नुकसान मात्र भरून येत नाही.

मोठ्या माणसाच्या बाबतीत तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा आग्रह फोनवर सहसा धरत नाहीत. सिएटलमध्येच फोनवरून नुसतं छाती दाबणं आणि दाबण्यासोबत श्वास देणं यांची तुलना झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत नुसतं दाबणं कमी पडलं नाही, आणि शिकवायला ते अर्थातच सोपं होतं. भारतात भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही सामान्य लोकांसाठी नुसतं छाती दाबण्याचीच पद्धत पुढे आणली आहे.

लहान मूल, पाण्यात बुडालेला किंवा गळफास लागलेला माणूस यांची गोष्ट वेगळी. त्यांचा प्राणवायू आधी संपतो, म्हणून ३० दाबांनंतर २ श्वास लागतात. हे झालंय ते पहिल्याच मिनिटात सांगा, सूचना त्याप्रमाणे बदलतील. विहिरीतून काढलेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

दोन मिनिटांत माणूस दमतो, दाब उथळ पडतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही. दुसरं कुणी असेल तर दर दोन मिनिटांनी अदलाबदल करा, मोजणी न तोडता. तिसऱ्याला कडी काढायला, लिफ्ट धरायला आणि वॉचमनला फाटक उघडं ठेवायला सांगायला पिटाळा.

सूचना मिळाल्या नाहीत तर

प्रत्येक कॉलला सीपीआर नीट सांगणारं माणूस मिळेलच असं नाही. मग तुम्हीच म्हणा, ‘शुद्ध नाही, नेहमीसारखा श्वास नाही, मी छाती दाबायला लागतोय.’ आणि लागा. परवानगीची वाट बघू नका.

मुलांकडे परदेशी गेलेल्या आईबाबांसाठी एक सांगतो. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. मुलाला ऑफिसात व्हिडिओ कॉल लावण्याआधी तो नंबर लावा. इंग्रजी अडलं तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढं म्हटलं तरी अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी दुभाषा जोडून देतात, पण त्यात वेळ जातो. घराचा पत्ता आणि ‘नॉट ब्रीदिंग’ हे दोन शब्द मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

गाडी आली, दारात माणसं दिसली, म्हणून हात काढू नका. त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं किंवा रुग्ण हलायला, नीट श्वास घ्यायला लागला तरच थांबा. आल्याबरोबर ते विचारतील, किती वाजता कोसळले, कधीपासून दाबताय, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पिशवी आणि जुने रिपोर्ट दुसऱ्या कुणाला तरी शोधायला सांगा. तुम्ही त्यासाठी उठू नका.