व्हॉल्व्हचा ॲम्प घेताय? आधी स्पीकर उलटा करून मागचं लेबल वाचा

नाशिकला थंडी पडायला लागली की दर वर्षी दोन-तीन जणांचे तरी फोन येतात, व्हॉल्व्हचा ॲम्प (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांवर चालणारा) घ्यायचाय, कुठला घेऊ सांग. मी आधी उलटे तीन प्रश्न विचारतो, स्पीकर कुठले आहेत, खोली केवढी आहे आणि ऐकता काय. कारण ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे नेहमीच्या ॲम्पला तुम्ही जवळपास कुठलेही स्पीकर लावा, तो ओढून नेतो. व्हॉल्व्हचं तसं नाही, त्याचं स्पीकरशी जमलं पाहिजे, आणि नाही जमलं तर कितीही महागाचा आणलात तरी वर्षभरात विकायला काढाल.

हे मी स्वतः भोगलंय. माझा पहिला व्हॉल्व्ह ॲम्प ३००बी नावाच्या व्हॉल्व्हचा होता, सिंगल एंडेड (प्रत्येक बाजूला पॉवरचं काम एकटा व्हॉल्व्ह करतो तो), ८ वॉटचा, मुंबईहून सेकंडहॅंड आणला होता. घरी टॉवर स्पीकर होते, लेबलवर ८६ डीबी (आवाजाचं माप) आणि ४ ओहम (विजेला होणारा अडथळा). रात्री हळू आवाजात गाणं लावलं की असं वाटायचं गायक समोर बसलाय, तानपुरा खोलीभर पसरायचा, पण जरा व्हॉल्यूम वाढवला आणि द्रुत सुरू झालं की तबला चपटा व्हायचा, डग्ग्याचा नुसता भप्प भप्प आवाज आणि सगळं एकमेकांत मिसळून जायचं. मी व्हॉल्व्ह बदलले, वायरी बदलल्या, बराच पैसा गेला. मग इंदिरानगरच्या एका मित्राकडचे जुने मोठ्या कागदी कोनचे ८ ओहमचे स्पीकर गंमत म्हणून लावले आणि तोच ॲम्प पहिल्या दहा मिनिटांत असा काही वाजला की आम्ही दोघं गप्पच बसलो. म्हणजे ॲम्पमधे काही खराबी नव्हतीच, जोडीच चुकली होती.

नेमकं काय चुकलं ते आकड्यात सांगतो म्हणजे तुम्हाला तुमचा हिशोब करता येईल. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठराविक ताकद दिली तर एक मीटरवर किती डीबी आवाज येतो. पण लेबलवर बऱ्याचदा "२.८३ व्होल्ट" असं लिहिलेलं असतं, ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॉट होतात. म्हणजे माझे ८६ डीबीचे स्पीकर खरं तर वॉटला ८३च डीबीचे होते. ताकद दुप्पट केली की ३ डीबी वाढतात, म्हणून १ वॉटचे ८ केले की ९ डीबी, झाले ९२. दोन स्पीकरचे ३ धरा, ९५. तीन मीटरवर सोफ्यात बसलं की साध्या हॉलमधे अंदाजे ६ डीबी कमी होतात, उरले ८९. ही कमाल झाली, सरासरी आवाज नाही. तुम्ही सरासरी ७५ वर ऐकत असाल तर तबल्याची थाप सहज १५-२० डीबी वर उडी मारते, म्हणजे ९० ते ९५ लागले आणि माझ्याकडे ८९ होते. बस एवढंच, तिथेच तो गुदमरत होता. हाच हिशोब ९५ डीबीच्या ८ ओहम स्पीकरला करून बघा, १०१ येतात, भरपूर झाले.

आता वॉट किती लागतील हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजता येतं, आणि त्याला फक्त साधा मल्टीमीटर लागतो. तुमच्या सध्याच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर नेहमीचं गाणं लावा आणि तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकता तिथपर्यंत व्हॉल्यूम न्या, आता नॉबला हात लावायचा नाही. गाणं थांबवा, स्पीकरच्या वायरी काढा, त्याच मोबाईल किंवा प्लेअरवरून फुल लेव्हलचा म्हणजे ० डीबीचा १२० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि ॲम्पच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. ॲपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग बंद ठेवा नाहीतर आकडा चुकेल. जेवढे व्होल्ट आले त्यांचा वर्ग करून स्पीकरच्या ओहमने भागा. ६ व्होल्ट आले आणि स्पीकर ८ ओहमचा असेल तर ३६ भागिले ८, साडेचार वॉट. १८ व्होल्ट आले तर ४० वॉट. बऱ्याच जणांना हा आकडा बघून आश्चर्य वाटतं कारण २ वॉटवर ऐकणारे लोक १०० वॉटच्या शोधात फिरत असतात, आणि माझ्यासारखे काही बरोबर उलटे. आलेल्या आकड्याच्या दुप्पट धरा, थोडी मोकळीक पाहिजेच. फक्त एक लक्षात ठेवा, स्पीकर काढून टोन लावायचा हा प्रकार ट्रान्झिस्टर ॲम्पवरच, व्हॉल्व्हच्या ॲम्पवर चुकूनही नाही, का ते पुढे येतं.

वॉट जमले तरी अर्धंच काम झालं, खरी गोष्ट ओहमची आहे. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा लोड लागतो आणि स्पीकर असतो ४ किंवा ८ ओहमचा, मधे जो आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो तो हे जुळवतो. वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग केला की ओहमचं प्रमाण मिळतं, म्हणजे ५००० ओहमवरून ८ वर यायला २५ ला १ असे वेढे. ॲम्पच्या मागे ४ आणि ८ ओहमसाठी वेगवेगळे टर्मिनल असतात, त्यांना टॅप म्हणतात. आता ८ च्या टॅपला तुम्ही ४ ओहमचा स्पीकर लावलात तर व्हॉल्व्हला ५००० ऐवजी २५०० दिसतात, ताकद पडते आणि डिस्टॉर्शन वाढतं. आणि मजा अशी की ८ ओहम लिहिलेला स्पीकर सगळीकडे ८ नसतोच. केईएफचा एलएस५० घ्या, लेबलवर ८ ओहम पण सगळ्यात खाली ३.२ पर्यंत जातो, शिवाय सेन्सिटिव्हिटी ८५ डीबीच, त्याला मी कमी वॉटचा सिंगल एंडेड कधीच सुचवणार नाही. उलट जुना बीबीसीचा एलएस३/५ए फक्त ८३ डीबीच्या आसपास, पण मूळचा १५ ओहमचा, त्यामुळे छोट्या खोलीत १०-१५ वॉटच्या पुश-पुल (दोन पॉवर व्हॉल्व्ह जोडीने काम करतात तो) व्हॉल्व्ह ॲम्पवर लोक तो वर्षानुवर्षं प्रेमाने ऐकतायत. म्हणून नुसती डीबी बघू नका, "मिनिमम इम्पिडन्स", म्हणजे स्पीकरचे ओहम सगळ्यात खाली किती जातात तो आकडा, शोधा आणि मिळाला तर इम्पिडन्सचा ग्राफच बघा. जिथे रेघ ६ च्या खाली फारशी जात नाही आणि जास्त डोंगर-दऱ्या नाहीत तो स्पीकर व्हॉल्व्हचा मित्र.

जुन्या स्पीकरवर लेबलच नसेल तर मल्टीमीटरने टर्मिनलवर डीसी ओहम मोजा, ६ च्या आसपास आले तर स्पीकर ८ चा, ३ ते साडेतीन आले तर ४ चा. यातून कुठे खाली जातो ते कळत नाही पण टॅप कुठला लावायचा ते कळतं.

डोंगर-दऱ्या का नकोत तेही सांगतो, कारण "व्हॉल्व्हचा बेस ढिला असतो" असं जे सरसकट म्हणतात त्याचं मूळ इथेच आहे. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स असतो, चांगल्या ट्रान्झिस्टरमधे ०.१ ओहमच्याही खाली, पण फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या सिंगल एंडेडमधे सहज २ ओहम. तुमचा स्पीकर कुठे ४ ओहम आणि बेसच्या भागात कुठे २० ओहम असेल तर या २ ओहममुळे दोन्ही ठिकाणच्या आवाजात साधारण पावणेतीन डीबीचा फरक पडतो, म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने केलेलं ट्यूनिंगच बदललं. शिवाय कोन हलल्यावर त्याला आवरणारं कोणी नसतं, मग डग्ग्याचा घुमारा संपायला पाहिजे तिथे संपत नाही, मागे रेंगाळतो. उपाय सोपा आहे, ४ चा टॅप लावून बघा. ताकद थोडी कमी मिळते पण आउटपुट इम्पिडन्स खाली येतो आणि बेस आवळला जातो. ४ आणि ८ दोन्ही टॅपवर ऐकून बघायला काहीच हरकत नाही, ॲम्प बंद करून वायर बदलायची एवढंच.

मग व्हॉल्व्ह कुठला? ३००बी सिंगल एंडेड म्हणजे ८ वॉटच्या आसपास, २ए३ म्हणजे साडेतीन, यांना ९२-९३ डीबीच्या वरचेच आणि ८ ओहमचे सरळ स्पीकर द्या, हॉर्नवाले असतील तर उत्तम. ईएल८४ पुश-पुल १० ते १५ वॉट, हा माझा सगळ्यात लाडका, आजोबांच्या हिरव्या डोळ्याच्या रेडिओतसुद्धा हाच व्हॉल्व्ह होता, कॉलेज रोडच्या फ्लॅटमधल्या १०-१२ फुटी बेडरूमला ८८-९० डीबीचे स्पीकर असतील तर याच्यापुढे जायची गरज नाही. ईएल३४ पुश-पुल ३५-४० वॉट, आणि तुम्हाला एकच सुचवायचा असेल, स्पीकर पुढे बदलायची शक्यता असेल, तर मी हाच सुचवेन, कारण व्हार्फडेल लिंटनसारख्या ९० डीबी, ६ ओहमच्या स्पीकरला साध्या हॉलमधे हा व्यवस्थित चालवतो. केटी८८ त्याच्या वर, ५० वॉट आणि पुढे. आणि ज्यांना घरात नाशिक ढोल ढोलासारखा ऐकायचाय त्यांनी केटी८८च्या खाली बघूच नका, ढोलाच्या ठोक्याला जी ताकद एका क्षणात लागते ती छोट्या ॲम्पकडे नसतेच.

एक फसवणूक मात्र सांभाळा. ऑनलाइन छोटे छोटे ॲम्प दिसतात, वर दोन बारके व्हॉल्व्ह, खाली लाल-निळा एलईडी, सोबत लॅपटॉपसारखा ॲडॅप्टर आणि १०० वॉट लिहिलेलं. त्यात व्हॉल्व्ह फक्त प्रीॲम्पला, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या टप्प्याला असतात, ताकद चिपची असते, वाईट वाजतात असं नाही पण तो व्हॉल्व्ह पॉवर ॲम्प नाही. ओळखायची खूण म्हणजे उचलून बघा. ४० वॉटचा खरा पुश-पुल स्टिरिओ ॲम्प १५-२० किलोच्या घरात जातो, कारण आत तीन ट्रान्सफॉर्मर असतात, एक पॉवरचा आणि दोन आउटपुटचे. दोन ॲम्पमधे निवडायचं असेल तर जड घ्या, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधे लोखंड कमी पडलं की सगळ्यात आधी बेस जातो. आणि तो जळला तर सातपूर-अंबडला मोटर गुंडाळणाऱ्याकडे नेऊन भागत नाही, ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचे वेढे थर बदलत आत-बाहेर गुंडाळलेले असतात.

म्हणूनच तो नियम, स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प चालू करायचाच नाही. लोड नसताना सिग्नल गेला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. घरात कोणी झाडताना वायर निघाली तरी हेच, त्यामुळे बनाना प्लग घट्ट बसणारे घ्या.

आपल्याकडच्या लाइटचं बघूनच ॲम्प घ्या, हे दुकानदार सांगत नाहीत. माझ्याकडे रात्री अकरानंतर लोड कमी झाला की मीटरवर २५० व्होल्ट दिसतात. बरेच चिनी ॲम्प २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात, त्यावर २५० दिले की ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार) ७.१५ वर जातो, म्हणजे १३ टक्क्यांच्या वर, आणि सोसायची मर्यादा १० टक्के. व्हॉल्व्ह लवकर जातात त्याचं मोठं कारण हेच. मागे २४० चा टॅप असेल तर तो लावा, नसेल तर सर्वो स्टॅबिलायझर घ्या. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प ठेवू नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो. लाइट गेली की स्विच बंद करा आणि आल्यावर दोन मिनिटांनी चालू करा. आणि एप्रिल-मे आठवा, केटी८८चा स्टिरिओ ॲम्प भिंतीतून दोनशे-तीनशे वॉट ओढतो, हळू लावलं तरी उष्णता जवळपास तेवढीच, शोकेसच्या कप्प्यात कोंडायचा नाही, वर हातभर मोकळी जागा पाहिजे. लहान मुलं असतील तर जाळी काढू नका, आत ३००-४०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधे राहतात, त्यामुळे बंद आहे म्हणून तळ उघडून हात घालायचा नाही.

बायस, म्हणजे सिग्नल नसताना पॉवर व्हॉल्व्हमधून किती करंट जातो ते सेटिंग, विचारून घ्या. ऑटो बायस असेल तर व्हॉल्व्ह बदलले की काम झालं. ॲडजस्ट करायचा असेल तर ताकद जरा जास्त मिळते पण दर काही महिन्यांनी मीटर लावून बघावं लागतं, आणि पॉवर व्हॉल्व्ह मॅच केलेली जोडीच घ्यावी लागते. रोज दोन-तीन तास ऐकलंत तर पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी तीन-चार वर्षं तरी जावी, प्रीॲम्पचे त्याहून जास्त.

शेवटी ऐकायला जाल तेव्हा तुमचे स्पीकर गाडीत टाकून न्या, ॲम्पवाल्याच्या स्पीकरवर ऐकून ठरवू नका. मुंबईला जायचं असेल तरी न्या, त्रास होतो पण न्याच. ॲम्प अर्धा तास तापू द्या. आधी काहीही न लावता कान ट्वीटर आणि वूफरपाशी नेऊन हम ऐका, तुमचे स्पीकर ९५ डीबीचे असतील तर बारीक घुरघुरही सोफ्यापर्यंत येते आणि रात्री तीच डोक्यात जाते. मग तुमच्या ओळखीचं, वीस वेळा ऐकलेलं विलंबित लावा, डग्ग्याकडे लक्ष द्या, टॅप ४ वर, मग ८ वर. त्यानंतर घरी जेवढ्या मोठ्याने ऐकता त्याच्याहून थोडं मोठं करा आणि द्रुत येऊ द्या. तबला वेगळा, सारंगी वेगळी ऐकू येत राहिली तर पैसे द्या.